सिद्दी वाडीवर मुलांचा अभ्यासवर्ग सुरू करायचा असेल तर कुठून सुरुवात करायची

बेळगाव, खानापूर, गोवा, अगदी पुण्याहूनसुद्धा लोक मला विचारतात की आम्हाला कारवार जिल्ह्यातल्या (म्हणजे कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा) सिद्दी मुलांसाठी काहीतरी करायचंय, काय करू, किती पैसे पाठवू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं. मी गेली काही वर्षं शनिवार-रविवारी हल्याळ भागात जातो, त्यामुळे जे लिहितोय ते बहुतेक त्या अनुभवातून आलेलं आहे, तुमच्या वाडीवर थोडं वेगळं असू शकतं.

ज्यांना अजिबातच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, काही शतकांपूर्वी भारतात आलेल्या लोकांचे वंशज. कोणी अरबांच्या जहाजातून, कोणी पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, कोणी सैनिक म्हणून. गोव्यातून पळून जे घाट चढून जंगलात गेले त्यांच्या वस्त्या आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा, अंकोला या तालुक्यांत आहेत. गुजरातमध्ये गीरच्या आसपास वेगळ्या वस्त्या आहेत. आणि आपल्याकडचं सांगायचं तर मलिक अंबर आणि मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी हे तर शाळेच्या इतिहासातच आहेत. म्हणजे हा आफ्रिकन डायस्पोरा, मायदेशाबाहेर विखुरलेला समाज, लांब कुठे लंडन-न्यूयॉर्कमध्ये शोधायला नको, बेळगावहून नंदगडमार्गे हल्याळची बस पकडली की आपण त्यांच्या गावात पोचतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. या मुलांना दप्तर-वह्या वाटणारे खूप येतात, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला परत परत येणारं माणूस फार कमी मिळतं. एका वर्षी एका संस्थेचे लोक जीपमधून आले, मुलांना रांगेत उभं केलं, दप्तरं दिली, बॅनर धरून फोटो काढले आणि गेले ते गेलेच, पुढच्या वर्षीपर्यंत निम्म्या दप्तरांच्या चेन तुटल्या आणि ती पाच वर्षांची पोरं मला विचारत होती की ते लोक परत कधी येणार. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की महिन्यातले दोन शनिवार वर्षभर देता येणार असतील तरच वर्ग सुरू करा, नाहीतर जो वर्ग आधीच चालू आहे त्याला पैसे द्या, तीही मोठीच मदत आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत शिकवायचं नाही, वाटायचं तर मुळीच नाही. नुसतं भेटायचं. आधी सरकारी शाळेच्या हेडमास्तरांना, मग एसडीएमसीच्या अध्यक्षांना (कर्नाटकात शाळेची पालकांची समिती असते ती, बरेचदा अध्यक्ष गावातलाच एखादा पालक असतो), मग अंगणवाडीच्या अक्कांना. अंगणवाडीच्या अक्का सगळ्यात महत्त्वाच्या, कुठल्या घरी कोण आजारी, कुणाचे आईवडील कामाला गोव्याला गेलेत, कुठलं पोरगं आज्जीकडे राहतंय हे त्यांना तोंडपाठ असतं.

शाळेच्या व्हरांड्यात वर्ग घ्यायचा असेल तर तोंडी हो वर थांबू नका, एसडीएमसीच्या मीटिंगमध्ये विषय मांडून लेखी परवानगी घ्या आणि एक कॉपी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला द्या. हेडमास्तर बदलून गेले की तोंडी परवानगी पण त्यांच्याबरोबर जाते.

जागेबद्दल अजून एक, आणि हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. सिद्दी समाजात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही आहेत. हल्याळकडे मुसलमान आणि ख्रिश्चन जास्त, यल्लापूरकडे हिंदू जास्त. कुणी प्रेमाने चर्चचा हॉल देऊ करेल, कुणी देवळाचा मंडप, कुणी मदरशाची खोली. मनापासून आभार माना पण वर्ग शाळेतच किंवा समाजाच्या सामाईक जागेतच ठेवा. नाहीतर पहिल्या महिन्यातच तीनातल्या दोन घरांची मुलं यायची बंद होतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाबद्दल धर्माची शंका एकदा आली की ती पुसायला वर्षं जातात.

बोलण्या-वागण्याचंही आत्ताच सांगतो. हबशी हा शब्द वापरू नका, लोक सिद्दी म्हणतात तोच म्हणा. मुलांच्या केसांना हात लावू नका, कितीही कौतुक वाटलं तरी. ही मुलं हल्याळच्या बाजारात गेली तरी लोक टक लावून बघतात, तुम्ही कुठल्या देशाचे म्हणून विचारतात, आणि ती इथेच जन्मलेली, त्यांचे पणजोबा इथेच जन्मलेले. निदान आपल्या वर्गात तरी त्यांना तसं वाटायला नको. फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारून काढलात तरी मुलाचं नाव, गाव, शाळा लिहून टाकू नका.

भाषेचं गणित, इथे सावकाश वाचा

मला विचाराल तर सगळ्या लेखातलं हेच सगळ्यात कामाचं आहे.

ही मुलं घरी जी भाषा बोलतात ती कोकणीच्या जवळची आहे, त्यात मराठी, कन्नड, उर्दूचे शब्द मिसळलेले. शाळा मात्र कन्नड मीडियमची. म्हणजे सहा वर्षांचं पोरगं पहिलीत जातं तेव्हा त्याला एकदम परक्या भाषेत अक्षरं आणि आकडे शिकायचे असतात, आणि ते गप्प बसलं की त्याला मंद ठरवलं जातं. मंद वगैरे काही नसतं. आणि इथेच मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या माणसाचा खरा उपयोग आहे कारण आपलं बोलणं त्याला बऱ्यापैकी कळतं आणि त्याचं आपल्याला. कन्नड शिकवण्यात गावातले मास्तर आपल्यापेक्षा हजारपट चांगले आहेत, आपण फक्त मधला पूल व्हायचं.

दोन उदाहरणं देतो म्हणजे कळेल. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, वीस नंतर. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच नंतर. घरी एक क्रम, शाळेत उलटा, मग मूल २५ च्या जागी ५२ लिहितं आणि आपल्याला वाटतं याला गणित येत नाही. याला काड्यांचे गठ्ठे करून द्या, दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या, आणि त्याच काड्या बघत आधी घरच्या भाषेत म्हणायला लावा मग कन्नडमध्ये. तीन-चार शनिवारांत बहुतेकांचं सुटतं, मी कितीतरी पोरांच्या बाबतीत बघितलंय.

दुसरं, कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर आखूड आणि लांब असे दोन दोन आहेत, त्यांची अक्षरंही वेगळी. आपल्याकडे तसा फरक नाही. कोडु मधला ओ आखूड म्हटला तर दे असा अर्थ, लांबवला तर शिंग. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला तो फरक ऐकूच येत नाही, त्यामुळे शुद्धलेखनात सारखी तीच चूक होते आणि वहीभर लाल गोल. हे ऐकण्याचं काम आहे, टाळी वाजवून खेळासारखं घ्या, एक टाळी आखूड, दोन टाळ्या लांब. तुम्हाला स्वतःला कन्नड येत नसेल तर गावातल्या दहावी झालेल्या एखाद्या ताईला बाजूला बसवा, उच्चार तिचेच हवेत.

आणि हो, सुरुवातीच्या इयत्तांना तिथे नलीकली पद्धत चालते, कार्डं असतात, मूल आपल्या वेगाने एकेक पायरी चढतं. ती कार्डं मास्तरांकडून एकदा समजून घ्या आणि तुमचा वर्ग त्याच्याशी जोडा. आपली वेगळीच पुस्तकं घेऊन गेलात तर मुलाचा गोंधळ वाढतो.

गावातलंच माणूस नेमा

तुम्ही फार तर आठवड्यातून एकदा येणार, अभ्यास मात्र रोजचा असतो. त्यामुळे वाडीवरच बारावी झालेली किंवा निदान दहावी झालेली एखादी सिद्दी मुलगी बघा, संध्याकाळचा दीड तास ती घेईल, तुम्ही शनिवारी येऊन तिला मदत करायची. तिला मानधन द्या आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्या. तुमच्याकडे जमा होणाऱ्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा तिच्या मानधनात गेला तर समजा वर्ग बरोबर चाललाय. मुलांना जेव्हा आपल्यासारखीच दिसणारी, आपलीच भाषा बोलणारी ताई फळ्यासमोर उभी दिसते ना तेव्हा त्यांच्यात जो फरक पडतो तो तुम्ही-मी कितीही चांगलं शिकवून पडत नाही.

गुजरातमध्ये जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांचं नाव ऐकलं असेल, सिद्दी बायकांना एकत्र करून त्यांनी बचत, शेती आणि मुलांच्या बालवाड्या उभ्या केल्या, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून कुणी येऊन ते केलं नाही, गावातल्या बाईनेच केलं. आमच्या इकडे २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले, समाजातले पहिलेच आमदार. मुलांना या दोघांबद्दल जरूर सांगा. आणि मलिक अंबरबद्दल तर सांगाच, इथियोपियातून गुलाम म्हणून आलेला मुलगा निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, तेच नंतरचं औरंगाबाद, तिथे जमिनीखालून पाण्याची नहर आणली. एकदा मी ही नहर जमिनीत नळ्या पुरून दाखवली होती, त्या दिवशी चौथीची पोरं घरी जायलाच तयार नव्हती.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण इथेच मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० पासून. गोव्यात हा दर्जा बराच आधीचा आहे. पण दर्जा असणं वेगळं आणि मुलाच्या हातात सर्टिफिकेट असणं वेगळं. वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक मुलाची एक वही करा आणि त्यात बघा: जन्माचा दाखला, आधार, जातीचं सर्टिफिकेट, उत्पन्नाचं सर्टिफिकेट, बँक अकाउंट आधारला जोडलेलं आहे का. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत (तहसीलदारांच्या हाताखालचं महसूल ऑफिस) मिळतात. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेत दुसरं, असं असेल तर आधी तेच दुरुस्त करा, स्कॉलरशिपचा फॉर्म तिथेच अडकतो. ओरिजिनल कागद तुमच्याकडे ठेवू नका, कधीच नाही, झेरॉक्स करा आणि लगेच परत द्या.

मग पाचवीकडे लक्ष द्या. पाचवीत असताना दोन मोठे दरवाजे उघडतात. एक जवाहर नवोदय विद्यालय (केंद्र सरकारची निवासी शाळा), कारवार जिल्ह्याचं नवोदय मुंडगोडलाच आहे, म्हणजे घरापासून लांब पण नाही. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा, दोन तासांची, ८० प्रश्न, १०० मार्क, त्यातले निम्मे मार्क बुद्धिमत्ता चाचणीचे म्हणजे आकृत्या वगैरे, बाकी गणित आणि भाषा निम्मं निम्मं. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. आकृत्यांच्या प्रश्नांना भाषा लागत नाही म्हणून आपली पोरं त्यात खूप चांगली निघतात, मात्र ओएमआर शीटवर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) गोल भरायची सवय आधी करून घ्या. दुसरा दरवाजा मोरारजी देसाई आणि कित्तूर राणी चन्नम्मा निवासी शाळांचा, त्याचीही परीक्षा पाचवीतच. फॉर्म भरायची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे दिवाळीपर्यंत वाट न बघता पावसाळ्यातच मास्तरांना विचारायला लागा.

आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा, पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना. हे पैसे म्हणजे एका मुलीचं शिक्षण थांबणार की चालू राहणार हा फरक असू शकतो.

सगळ्यात जास्त गळती कुठे होते तर सातवीनंतर. वाडीजवळची शाळा सातवीपर्यंत असते, हायस्कूल लांब, मध्ये जंगल, पावसात ओढे भरलेले. सातवीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी जानेवारीत जाऊन बसा आणि विचारा की जूनमध्ये काय करायचं ठरलंय, हॉस्टेल बघायचं का, सायकल हवी का, सोबत कोण जाणार. मे महिन्यात विचारून उपयोग नाही, तोपर्यंत पोरगा कामाला गोव्याला गेलेला असतो.

वर्षाचं कॅलेंडर त्यांच्या हिशोबाने

आपल्या सोयीने टाइमटेबल लावू नका. सुपारीच्या बागांत काढणीचे दिवस आले की मोठी माणसं पहाटे जातात आणि धाकट्यांना सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. त्या दिवसांत वर्गात धाकट्यांना पण येऊ द्या, एका कोपऱ्यात चटई टाका, नाहीतर ती मोठी बहीण दोन महिने दिसणार नाही. पावसाळ्यात वर्ग लवकर सोडा, अंधारात मुलांना जंगलातून पाठवायचं नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलं जेवून दोनच्या सुमाराला आली तर बरं, आणि रविवारी शाळेचं जेवण नसतं त्यामुळे उकडलेल्या शेंगा, केळी, चिक्की काहीतरी द्याच. रिकाम्या पोटी पाढे पाठ होत नाहीत.

त्यांच्याकडे जे आहे ते वर्गात आणा

सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, त्याला कवंद म्हणतात, आपल्या वाकळीची बहीणच. कडेपासून शिवत शिवत आत मध्यावर येतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचं फूल लावतात, ते फूल नसेल तर कवंद उघडी मानतात. कवंद वर्गात आणून पसरा आणि चौकोन, त्रिकोण, अपूर्णांक, परिमिती सगळं तिच्यावरच शिकवा. शिवणाऱ्या आज्जीलाच बोलवा ना एखाद्या शनिवारी. मुलं आपल्या आज्जीला शिक्षकाच्या जागी बघतात ते बघायला मला फार आवडतं. तुम्हाला विकत घ्यायची असेल तर त्या सांगतील त्या किमतीला घ्या, घासाघीस करू नका, एका कवंदीला किती दिवस लागतात ते आधी विचारा.

दमाम नावाचं त्यांचं ढोलकं आहे, त्यावर ताल धरून पाढे भन्नाट होतात. बायकांची पुगडी तर आपल्या फुगडीसारखीच.

खेळाबद्दल मात्र जरा जपून. १९८७ च्या आसपास स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने स्पेशल एरिया गेम्स नावाच्या योजनेत सिद्दी मुलांना निवडून ट्रेनिंगला नेलं, मेडलं पण आली, आणि मग काही वर्षांत ते बंद झालं, मुलं अर्धवट घरी परतली. जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. म्हणून प्रत्येक सिद्दी पोराला बघून तू धावपटू होणार असं म्हणू नका. ज्याला धावायचंय त्याला शूज आणि मैदान द्या, जिला नर्स व्हायचंय किंवा जो रेडिओ उघडून बसतो त्याला ते करू द्या.

मुलांची सुरक्षितता, यात सूट नाही

येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचं पोलिस व्हेरिफिकेशन करा, ओळखीचा असला तरी. कुणीही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, वर्ग नेहमी उघड्यावर किंवा दार उघडं ठेवून. मुलांना स्वतःच्या गाडीतून एकट्याने न्यायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, घरच्या घरी मिटवू असं कुणी म्हटलं तरी ऐकायचं नाही.

पैसे

सुरुवातीला ट्रस्ट वगैरे काढायची घाई नको. चार-पाच जणांनी मिळून महिना ठरलेली रक्कम काढली तरी एक वर्ग चालतो: ताईचं मानधन, खाऊ, खडू-वह्या, नाडकचेरीला जायचा प्रवासखर्च. हिशोब एका वहीत लिहा आणि दर तीन महिन्यांनी वाडीवर पालकांसमोर वाचून दाखवा. आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा एका आजोबांनी विचारलं की खाऊवर एवढे कशाला, शेंगा आमच्याकडेच पिकतात, आणि पुढच्या आठवड्यापासून शेंगा गावातूनच यायला लागल्या.

परदेशातल्या मराठी लोकांसाठी एक. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुमचे पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ते विदेशी देणगीत येतं आणि एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) रजिस्ट्रेशन असलेल्या संस्थेलाच, तेही तिच्या दिल्लीतल्या ठरलेल्या स्टेट बँकेच्या अकाउंटमध्येच देता येतं. प्रेमापोटी ताईच्या अकाउंटला थेट वर्गाचे पैसे पाठवून तिला अडचणीत आणू नका.

पहिल्या शनिवारी सोबत

काड्यांचे गठ्ठे आणि रबरबँड, एक मोठी चटई, खडू, कन्नड कागुणिताचा तक्ता (आपली बाराखडीच ती), जुने कॅलेंडर पाठीमागे चित्रं काढायला, पाण्याची बाटली, छत्री. मुलांची नावं पहिल्याच दिवशी पाठ करा, तीस असली तरी. आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या, पावसाळ्यात ती कधी कधी येतच नाही, मग कुणाच्या तरी घरी मुक्काम पडतो, त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.